.२२ टार्गेट रायफलच्या बॅरलसाठी सफाईची साधने: प्रकल्प नोंदी, ठाणे

२ जून २०२५

पाऊस दाराशी आला आहे. वरळीच्या रेंजवर सराव करून रायफल ठाण्याला परत येईपर्यंत खाडीची खारी हवा तिच्यासोबत असते, आणि पुढचे चार महिने कपाटातही ओलावा राहणार. म्हणून सफाईची पेटी आत्ताच नव्याने लावायची. कामाचा आवाका: .२२ लाँग रायफलच्या बोल्ट अ‍ॅक्शन टार्गेट रायफली (अन्शुट्झ १९०७, बॅरल ६६० मिमी, आणि १९१३, बॅरल ६९० मिमी) आणि १० मीटरच्या एअर रायफली.

जुन्या पेटीतल्या बहुतेक वस्तू बाद करत आहोत. तीन तुकड्यांचा अ‍ॅल्युमिनियम रॉड: सांध्यांपाशी बोटाला लागेल इतकी कड आहे, आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने त्यात कचरा रुतून बसतो. तो रुतलेला कण प्रत्येक फेरीला रायफलिंगवर (नळीच्या आतल्या पिळदार खाचांवर) कानशीसारखा फिरतो. पोलादी तारांचा ब्रश: याला बॅरलजवळ जागाच नाही. पुल-थ्रू दोरी: एनसीसीत शिकलेल्यांच्या हाताला तिची सवय आहे, पण ती नळीच्या तोंडाशी नेहमी तिरकी ओढली जाते आणि क्राउनच्या, म्हणजे तोंडाच्या कडेच्या, एकाच बाजूला घासते. शिवाय ती धुतली नाही तर मागच्या वेळची घाण पुन्हा नळीतून ओढायची. दोरी आत तुटली तर काढण्याचा उपद्व्याप वेगळाच.

हे सगळे इतक्या बारकाईने का, तर ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे असते. .२२ ची शिशाची गोळी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने, मेणाच्या लेपासकट जाते. तांब्याचे आवरण नाही, दाब कमी. ती बॅरल झिजवत नाही म्हटले तरी चालेल. अशा बॅरलींचा नाश गोळ्यांपेक्षा तिरक्या रॉडने जास्त होतो. त्यामुळे या प्रकल्पात पैसा आधी रॉड आणि गाइडवर (रॉड सरळ ठेवणाऱ्या नळीवर) खर्च करायचा, रसायने नंतर.

५ जून

रॉड. अट एकच: अखंड, एका तुकड्याचा. त्यात तीन प्रकार पाहिले.

नायलॉनचे कोटिंग असलेला पोलादी रॉड (ड्यूई हा त्यातला जुना आणि भरवशाचा). कोटिंगमुळे पोलाद पोलादाला लागत नाही. आक्षेप असा की मऊ कोटिंगमध्येही कण रुततात. खरे आहे, पण प्रत्येक फेरीनंतर रॉड फडक्याने पुसला की प्रश्न उरत नाही. कोटिंगला कुठे चीर पडली, खालचे पोलाद दिसले, की तो रॉड बाद. चिकटपट्टी लावून चालवायचा नाही.

कार्बन फायबरचा रॉड. वाकून राहत नाही, वजनाला हलका. जास्त जोर दिला तर मधे लवतो आणि लॅन्डला (खाचांमधल्या उंचवट्याला) टेकतो, म्हणून पॅच (पुसायच्या कापडाचा तुकडा) घट्ट असला की याच्यावर भरवसा कमी.

पॉलिश केलेला स्टेनलेस रॉड. सर्वांत ताठ, पुसायला सोपा. पण एकदा वाकला की वाकला, आणि गाइडशिवाय वापरला तर नुकसानही हाच सर्वांत जास्त करतो.

निवड: कोटिंगवाला पोलादी. अनेक हातांत फिरणाऱ्या साधनाला थोडी क्षमा करणारा गुण हवा.

रॉड घेताना जागेवरच दोन तपासण्या. पहिली, टेबलाच्या काचेवर रॉड लोळवायचा आणि खालून उजेड पाहायचा. फट कमीजास्त होत राहिली तर रॉड वाकडा. दुसरी, मुठीचे बेअरिंग. मूठ घट्ट धरून रॉडचे टोक दोन बोटांनी फिरवले की ते न अडखळता फिरले पाहिजे. अन्शुट्झच्या बॅरलमध्ये रायफलिंगचा एक फेर साधारण ४२० मिमीत पूर्ण होतो, म्हणजे ६९० मिमीच्या बॅरलमधून जाताना रॉडने जवळजवळ एक पूर्णांक सहा दशांश वेढे घ्यायला हवेत. रॉडवर कागदी टेपचा छोटा झेंडा लावला की हे डोळ्यांना दिसते. झेंडा कमी फिरला तर पॅच खाचा सोडून लॅन्डवरून घसरतो आहे: एक तर पॅच सैल, नाहीतर बेअरिंग अडकले. बेअरिंग अडकण्याचा आणखी एक तोटा आहे. रायफलिंग उजवे असते, त्यामुळे पुढे ढकलताना न फिरणाऱ्या रॉडवरचा ब्रश आट्यातून सुटत जातो आणि परतताना नळीतच राहतो.

आटे तपासूनच ब्रश मागवायचे. अमेरिकी ब्रशांवर बहुधा ८-३२ चा आटा असतो, युरोपियन रॉडवर मेट्रिक. जुळवणीचा अ‍ॅडॅप्टर घेतला तर एक सांधा वाढतो. टाळता आला तर बरे.

८ जून

रॉडची लांबी. दुकानात .२२ साठी ३६ इंची रॉड पुढे करतात. ३६ इंच म्हणजे ९१४ मिमी. हिशेब असा: बॅरल, अधिक रिसीव्हर (बॅरलमागचा, बोल्ट सरकतो तो भाग), अधिक मागे बाहेर राहणारा गाइड, अधिक मझलबाहेर (नळीच्या पुढच्या तोंडाबाहेर) जॅग, म्हणजे पॅच धरणारे रॉडचे टोक, पूर्ण निघण्यासाठी ३० मिमी. ६९० च्या बॅरलला मझलपासून रिसीव्हरच्या मागच्या कडेपर्यंतच ९० सेंमीच्या आसपास अंतर भरते. गाइड लावला की ३६ इंची रॉड अपुरा पडतो, जॅग क्राउनच्या आतच थांबतो आणि पॅच तिथेच सोडून यावा लागतो. ४४ इंची घ्यायचा. लांब रॉड जास्त लवतो ही तक्रार गाइड असताना उरत नाही.

मझलवर एक्स्टेन्शन ट्यूब असेल तर सफाईआधी ती काढायची. काढली नाही तर पॅच नळीतून निघून ट्यूबमध्ये पडतो, सॉल्व्हंट तिथे साचतो, आणि परतणारा जॅग पॅचचा बोळा पुन्हा क्राउनवर ओढतो.

टार्गेट रायफलचा चीकपीस (गाल टेकवायचा भाग) बोअरच्या (नळीच्या पोकळीच्या) रेषेच्या वर असतो, त्यामुळे रॉड सरळ जायला जागा राहत नाही. नेमबाज स्वतःचे माप बिघडू नये म्हणून चीकपीस काढायला नाखूश असतात आणि मग रॉड दोन-तीन अंशांनी तिरका घालतात. उपाय: चीकपीसच्या खांबांवर सध्याच्या उंचीला पांढऱ्या पेन्सिलीची बारीक रेघ मारायची, स्क्रू सैल करून चीकपीस काढायचा, नंतर रेघेला रेघ लावून बसवायचा. पेटीत पेन्सिल आणि त्या मापाची अ‍ॅलन की कायमची ठेवली आहे. या दोन वस्तू नसतील तर चीकपीस कोणी काढणार नाही.

१४ जून

रॉड गाइड. बाहेरून मागवण्यापेक्षा वागळे इस्टेटमध्ये लेथवर करून घ्यायचे ठरले. एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी: रायफल किंवा तिचा बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) लेथच्या दुकानात न्यायचा नाही. शस्त्र कायदा १९५९ खाली शस्त्र दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि बोल्ट हा शस्त्राचाच भाग. माप इथेच व्हर्नियरने घ्यायचे, दुकानात फक्त ड्रॉइंग जाईल. गाइड ही सफाईची नळी आहे, तिला कसली अडचण नाही.

ड्रॉइंग करताना सेंटरफायर रायफलच्या (जिच्या काडतुसाचा पेटता मसाला तळाच्या मधोमध असतो) गाइडची नक्कल करायचा मोह होतो. त्यात गाइडचे नाक चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या पोकळीत) शिरते आणि ओ-रिंग तिथे सील करते. .२२ मध्ये हे जमत नाही. मॅच चेंबरचा व्यास जेमतेम ५.७ मिमी, कोटिंगसह रॉड ५.२ च्या आसपास. नाक आत घालायचे तर त्याची भिंत पाव मिलिमीटरचीही राहत नाही. म्हणून .२२ च्या गाइडचे तोंड ब्रीचच्या (नळीच्या मागच्या टोकाच्या) पृष्ठभागावर टेकते, आत शिरत नाही. मध्य राखण्याचे काम बोल्टच्या वाटेतल्या बाहेरच्या मापावर येते.

ठरलेली मापे:
बाहेरचा व्यास: बोल्टच्या मोजलेल्या व्यासापेक्षा ०.०५ मिमी कमी.
आतले भोक: ५.८ मिमी. यात रॉड खुळखुळत नाही आणि पॅच लावलेला जॅगही अडकत नाही.
लोडिंग पोर्टसमोर वरच्या बाजूला २५ मिमी लांबीची खिडकी. पॅच तिथून जॅगवर ठेवता येतो, म्हणजे ओला पॅच पूर्ण गाइडमधून ओढावा लागत नाही.
मागच्या टोकाला बोल्ट हँडलच्या खाचेत बसणारी पिन. ती नसली तर ओढताना गाइड मागे येतो.

२१ जून

साहित्य अ‍ॅसेटल, बाजारात ज्याला डेलरिन म्हणतात ते. नायलॉन नको. नायलॉन ६ हवेतले पाणी पितो आणि फुगतो. पूर्ण भिजला तर वजनाच्या नऊ टक्क्यांच्या पुढे पाणी धरतो, अ‍ॅसेटल एक टक्क्याच्या आत. मे महिन्यात सुळकन बसणारा नायलॉनचा गाइड जुलैत रिसीव्हरमध्ये अडकतो.

अडचण अशी की दोन्हींचे पांढरे रॉड दिसायला सारखे आणि दुकानात एकाच कोपऱ्यात उभे असतात. ओळखायची युक्ती स्वयंपाकघरातली आहे. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत ढवळायचे. असे पाणी साधारण १.२ घनतेचे होते. नायलॉनची घनता १.१४, डेलरिनची १.४१. कापलेला छोटा तुकडा टाकला: बुडला तर डेलरिन, तरंगला तर नायलॉन. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ भरपूर हवे. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे काडीने झटकायचे, नाहीतर डेलरिनही तरंगल्यासारखे दिसते. आणलेल्या दोन तुकड्यांपैकी एक वर आला. तो परत केला.

लेथवर खरा प्रश्न लांब भोकाचा. टर्नर काकांनी ड्रॉइंग पाहून एकच विचारले, “भोक दोन्ही बाजूंनी मारू का?” तसे मारले तर मधे पायरी राहते, आणि त्या पायरीला पॅच अडकतो. एका बाजूने २०० मिमी मारले तर ५.८ चे ड्रिल भरकटते. मग रचना बदलली: बाहेर अ‍ॅल्युमिनियमची नळी, आत पुढे आणि मागे ३० मिमी लांबीचे दोन डेलरिन बुश, दाबून बसवलेले. भोक फक्त बुशांना. मधला भाग मोकळा, त्यामुळे रॉड कुठे घासतही नाही. पुढचा बुश नळीच्या बाहेर २ मिमी काढला आहे, म्हणजे ब्रीचला अ‍ॅल्युमिनियम नव्हे, डेलरिन टेकते. नळीच्या बाहेरच्या बाजूला दोन ठिकाणी डेलरिनची रिंग, रिसीव्हरच्या आतल्या पॉलिशला जपण्यासाठी. खिडकी आता पुढच्या बुशच्या लगेच मागे, नळीत कापली आहे.

ड्रिल करताना डेलरिन गरम होऊन फुगते आणि थंड झाल्यावर भोक आकसते. ५.८ च्या ड्रिलने भोक थोडे लहान मिळते. थांबत थांबत, चिप बाहेर काढत ड्रिल करायचे आणि गार झाल्यावर पुन्हा एकदा तेच ड्रिल फिरवायचे. भोकाच्या दोन्ही कडा हलक्या मोडायच्या, चाकूसारखी धार पॅच कापते.

२४ जून

पॅच आणि जॅग. जॅग पितळेचा, टोकदार. लूपवाले टोक बाद: त्यात पॅच एका बाजूला जाड होतो आणि दाब सारखा पडत नाही. पितळेच्या जॅगवर अमोनियाचे सॉल्व्हंट लागले की पॅच हिरवा-निळा होतो आणि बॅरलमध्ये तांबे आहे असा भास होतो. आपल्या शिशाच्या गोळ्यांना अमोनिया लागतच नाही, त्यामुळे पितळ चालते.

कापड: जांभळी नाक्याच्या बाजारातून पांढरे सुती फ्लॅनेल. एकदा धुऊन, नीळ-स्टार्च न लावता वाळवलेले. बनियनचे होजिअरी कापड ताणले जाते आणि धागे सोडते. चौकोन २२ मिमीचा कापून सुरुवात केली. तळहाताने मूठ ठोकावी लागत असेल तर पॅच मोठा आहे; एक-एक मिलिमीटरने कमी करायचा. या फ्लॅनेलला २० मिमी बरोबर बसला: सुरुवातीला ठाम दाब, मग एकसारखी सरक. दुसरा तागा आणला की माप पुन्हा काढायचे, कारण जाडी बदलते.

पॅच नळीच्या मधे असताना रॉड मागे घ्यायचा नाही. पॅच जॅगवरून उतरतो, गोळा होतो आणि जॅगच्या मागे पाचरीसारखा बसतो. अडकलाच तर चेंबरकडून आणि मझलकडून तेलाचे चार-चार थेंब सोडून पंधरा मिनिटे थांबायचे, मग छोट्या सरळ दाबांनी पुढेच काढायचा. हातोडी नाही.

फेल्टच्या गोळ्या (व्हीएफजी) रोजच्या सफाईला पॅचपेक्षा चांगल्या: नळीला चारही बाजूंनी सारख्या टेकतात आणि मापाची भानगड नाही. महाग पडतात, म्हणून सरावानंतरच्या साध्या सफाईला फेल्ट आणि सॉल्व्हंटच्या कामाला फ्लॅनेल, अशी विभागणी.

१ जुलै

सॉल्व्हंट. दोनच बाटल्या: एक कार्बन काढणारी, एक पातळ गन ऑइल. रॉकेल नको, ते गंज थांबवत नाही. अ‍ॅसिटोन स्टॉकचे वार्निश खाते. ज्वलनशील द्रव विमानाने येणाऱ्या कुरिअरमध्ये घेत नाहीत, मागवताना वेळ धरावा.

नायट्राइलचे हातमोजे पेटीत आले. पॅचवर येणारी करडी घाण म्हणजे शिसे आणि प्रायमरची (काडतुसातल्या पेटत्या मसाल्याची) राख. टेबलावर चहाचा ग्लास नको, वापरलेले पॅच झिपच्या पिशवीत बंद, शेवटी साबणाने हात. लहान मुले सरावाला येतात, त्यांना हे काम देताना मोजे सक्तीचे.

६ जुलै

ब्रश. फॉस्फर ब्रॉन्झचा, गाभ्याची तारही पितळेची असलेला. काही ब्रशांचा गाभा आणि टोकाचा वळसा पोलादी असतो. लोहचुंबक लावून पाहायचे, चिकटला तर घ्यायचा नाही.

ब्रश रोजचा नाही. त्याचे खरे काम चेंबरच्या लगेच पुढच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आहे. .२२ लाँग रायफलच्या केसची (काडतुसाच्या पुंगळीची) लांबी १५.५७ मिमी. केसचे तोंड जिथे संपते त्याच्या पुढे काजळी, मेण आणि शिसे भाजून कडक कडे तयार होते. अनेक रिमफायर (.२२ सारख्या, पुंगळीच्या कडेत मसाला असलेल्या) प्रायमरमध्ये घर्षणासाठी काचेची बारीक पूड असते, तीही याच ठिकाणी बसते. लक्षणे: बोल्ट बंद करताना शेवटी जड लागतो, आणि चांगल्या लॉटच्या गोळ्याही उभ्या रेषेत पसरू लागतात. नुसत्या पॅचने हे कडे निघत नाही, पॅच त्यावरून गुळगुळीत सरकतो आणि पांढरा बाहेर येतो. पांढरा पॅच म्हणजे स्वच्छ बॅरल, ही समजूत इथे फसवते.

काढायची पद्धत: कार्बन सॉल्व्हंटने ओला केलेला नायलॉन ब्रश त्या जागी नेऊन १० ते १५ मिनिटे तसाच ठेवायचा. मग ब्रॉन्झ ब्रश पूर्ण नळीतून मझलबाहेर. तिथे आट्यातून काढायचा, रॉड एकटा मागे घ्यायचा, पुसायचा, ब्रश पुन्हा लावायचा. ब्रश नळीत उलट दिशेला वळवायचा नाही. तारा दुमडून लॅन्डमध्ये अडकतात. मझलबाहेर जाऊन तसाच परत ओढला तर तारा क्राउनची कड खरवडतात. अशा पाच-सहा फेऱ्या पुरेत. सॉल्व्हंट थेट ब्रशवर टाकायचा, बाटलीत ब्रश बुडवायचा नाही, नाहीतर आठवड्याभरात बाटली काळी.

१३ जुलै

बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आतले दाखवणारा बारीक कॅमेरा. फोनला जोडता येणारा, .२० इंचाच्या पुढच्या नळीत जाणारा. महाग नाही, आणि भांडणे मिटवतो. आरसा मझलकडून नाही, चेंबरकडून गाइडमधल्या खिडकीजवळून न्यायचा. कडे गेले की नाही हे पाच मिनिटांत कळते. सोबत क्राउनवरही नजर: आतल्या कडेवर एका बाजूला चमकती रेघ दिसली तर तिथे रॉड किंवा दोरी घासत आली आहे. असा क्राउन दुरुस्त करणे हे परवानाधारक आर्मररचे काम.

स्कोप हाती आला की माणूस प्रत्येक काळा ठिपका काढायच्या मागे लागतो. तसे करायचे नाही. खाचांतली पातळ करडी छटा राहू द्यायची. नेम बिघडवणारे काय आहे तेवढेच काढायचे.

१५ जुलै

एअर रायफल: फक्त कोरड्या फेल्टच्या गोळ्या, तेही क्वचित. नळीत सॉल्व्हंट किंवा पेट्रोलियम तेल नाही, सील फुगतात. २०० बारच्या सिलिंडरच्या तोंडाशी किंवा भरण्याच्या अ‍ॅडॅप्टरला तेल लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. .२२ ची पेटी आणि ही पेटी वेगळी, झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून.

२० जुलै

पावसाळी साठवण. फोम असलेल्या केसमध्ये रायफल रात्रभरही ठेवायची नाही, फोम ओलावा धरून ठेवतो. कपाटात अर्धा किलो सिलिका जेल, आर्द्रतामापक, लक्ष्य ४५ ते ५५ टक्के. नारंगी जेल हिरवे झाले की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत.

तेलाचे प्रमाण: एका पॅचवर दोन थेंब, एक फेरी. जास्त घातले तर ते रात्रभरात अ‍ॅक्शनकडे उतरते, बेडिंग (यंत्रणा स्टॉकमध्ये बसते ती जागा) आणि ट्रिगर चिकट होतो. म्हणून रायफल कपाटात मझल खाली. सरावाआधी दोन कोरडे पॅच, नंतर नळीला मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत १० ते १५ गोळ्या मोजायच्या नाहीत.

२७ जुलै

टेबलाजवळ लावायचा क्रम:

दारूगोळा दुसऱ्या खोलीत. बोल्ट बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासलेले. दोघांनी पाहायचे.
चीकपीसची रेघ, चीकपीस बाहेर. एक्स्टेन्शन ट्यूब बाहेर.
रायफल क्रेडलमध्ये, मझल थोडे खाली, म्हणजे सॉल्व्हंट ट्रिगरकडे येत नाही.
गाइड, पिन खाचेत.
ओले पॅच दोन. पाच मिनिटे. गरज असेल तरच ब्रश. पुन्हा एक ओला.
कोरडे पॅच फिकट करडे येईपर्यंत. रॉड प्रत्येक फेरीला पुसलेला.
ब्रीचची खाच आणि बोल्टचे तोंड टूथब्रशने. गाइड काढल्यावर चेंबरमधून एक कोरडा पॅच हाताने, तिथे साचलेला सॉल्व्हंट विसरला जातो.
तेल, दोन थेंब.
नोंदवहीत रायफल क्रमांक, गोळ्यांची बेरीज, ब्रश वापरला की नाही.

बाकी कामे: दुसऱ्या अ‍ॅक्शनसाठी गाइडची बाहेरची रिंग वेगळ्या मापाची करून घेणे (बुश तेच चालतील), ब्रॉन्झ ब्रशांचा साठा वाढवणे, आणि फ्लॅनेलसाठी २० मिमीचा पंच. कात्रीने कापलेले चौकोन एकसारखे येत नाहीत, आणि मग सैल पॅचचा दोष रॉडवर जातो.